अक्काचं गाळणं

सरपंच नानासोंना अक्काचा फोटो पाहिजे होता. पाणी पितानाचा.

"एक घोट घ्या अक्का, म्हंजे आमी मोकळं," ते म्हणाले. "तुमी प्यालासा की गाव डोळं झाकून पितंय."

ते मात्र खरं होतं. पाण्याच्या बाबतीत चंदनबाला अक्काच्या पुढं आमच्या गावात कुणाचं चालत नाही. जैनाची बाई, सत्तरी ओलांडलेली. रोज बोरजाईच्या तलावाच्या पायरीवर येते, कळशी भरते, दुहेरी फडक्यातून दुसऱ्या कळशीत गाळते आणि फडक्यात अडकलेले बारीक जीव त्याच पायरीवरून तलावात अलगद परत सोडते. एकही मरता कामा नये. मगच पाणी घरी. त्यात हा भादवा, दशलक्षणाचे म्हणजे जैनांच्या उपासाचे दिवस. अक्काचं जेवण दिवसातून एकदा आणि पाणीही तेव्हाच, एकदा. ते एकदाचं पाणी तिनं सांगलीहून बोलावलेल्या फोटोवाल्यापुढं प्यावं, असा बेत.

कारण आजपासून बोअरच्या जागी तलावाचं पाणी नळाला येणार होतं. तलावाच्या काठाला मांडव, मांडवात योजनेचे साहेब, साहेबांपुढं सीलबंद बाटली. चैत्रात तलावाच्या वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना सुरू झाला आणि आषाढात मासे तरंगले. नानासो म्हणाले, उन्हानं मेले. आषाढातलं ऊन हे. भादव्यात बगळ्यांनी पांढरी होणारी काठावरची बाभळ यंदा रिकामीच राहिली, तर म्हणाले, मोबाइलच्या टॉवरनं. माणसानं खोटं बोलावं, पण ऋतू बघून तरी बोलावं.

"गाळल्याबिगर पीत न्हाई मी," अक्का म्हणाली. "नेम हाय."

"गाळा की. त्योबी फोटो घेऊ."

अक्का पायऱ्या उतरली. कळशी बुडवली, दुसरीच्या तोंडावर फडकं धरून पाणी गाळलं आणि सवयीनं फडक्यातले जीव परत सोडायला पाण्यावर वाकली. वाकली ती तशीच राहिली. दरसाल या दिवसांत त्या फडक्यावर तिळाएवढे जीव नुसते उड्या मारत असतात. लहानपणी आम्ही तिच्या खांद्यावरून वाकून ते बघितलेत. यंदा ते घटत चालले होते, पण काल दोन-चार तरी होते. आज फडक्यावर निळसर डाग होता, बाकी काही नाही. तिनं फडकं उन्हाकडं धरलं. डोळे बारीक करून पुन्हा पुन्हा बघितलं.

"नानासो, परत सोडाय कायच न्हाई."

"म्हंजे?"

"जीवच न्हाईत ह्यात. एकबी न्हाई."

साहेब खुर्चीतून हसले. "मग चांगलंच झालं की, आजी. एकही किडा नाही. याच्याहून शुद्ध पाणी कुठलं?"

मांडवातल्या दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. जळोत त्या टाळ्या.

"शुद्ध आसतं तर जगलं आसतं, साहेब," अक्का म्हणाली. "किड्याला सोसंना ते पाणी लेकरांनी प्यायचं व्हय?"

तेवढ्यात सगळ्यांचे मोबाइल वाजले. गावाच्या ग्रुपवर फोटो पडला होता: अक्का पायरीवर, फडकं उन्हाकडं धरलेली. अंगणवाडीच्या भाग्यश्रीनं खालची ओळ मोठ्यानं वाचली. "'तलावाच्या शुद्ध पाण्याची खात्री करताना आपल्या सर्वांच्या लाडक्या चंदनबाला अक्का.'"

"आणि एकदा वाच," अक्का म्हणाली.

भाग्यश्रीनं वाचलं. या खेपेला 'शुद्ध' तेवढं गाळून.

अक्का वर आली. गाळलेल्या पाण्याची कळशी तिनं मांडवापुढच्या मुरमावर ओतून टाकली, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. तलावात नाही ओतली.

"आज माझं पाणी राह्यलं," ती म्हणाली. बोअरचं तिच्या नेमात बसत नाही, त्यातले जीव परत सोडायचे कुठं? म्हणजे आता उद्या दुपारपर्यंत घोट नाही. तिचे ओठ आधीच पांढरे पडले होते, आणि ते मांडवातल्या प्रत्येकाला दिसत होतं.

नानासोंनी घड्याळ बघितलं. "चला, मुहूर्त चाललाय. तानाजी, सोड रं पाणी."

तानाजी म्हणजे आमच्या गावचा पाणी सोडणारा. अकरा वर्षं बोअरचं पाणी तोच सोडतोय, एका वेळी एका गल्लीला. व्हॉल्व्ह फिरवायची त्याची लोखंडी चावी छातीएवढी उंच. आणि अकरा वर्षं, उन्हाळा असो की दिवाळी, पाण्याच्या दिवशी नानासोंचा पहाटे फोन ठरलेला: पयलं आमच्या गल्लीला. एकदा त्यानं चुकून शाळेच्या गल्लीला आधी सोडलं, तर भर चावडीत त्याचा बाप काढला होता.

तानाजी चावी घेऊन उठला. ओल्या मुरमाकडं बघितलं, मग नानासोंकडं.

"पयलं कुठल्या गल्लीला सोडू?" त्यानं विचारलं. "तुमच्याच न्हवं?"

नानासोंनी खिशातला रुमाल काढला, मान पुसली, रुमालाची घडी घातली. साहेबांनी बाटलीचं सील फोडलं, तो आवाजसुद्धा ऐकू आला.

"शाळंच्या गल्लीला सोड," नानासो म्हणाले. "लेकरांस्नी पयलं."

तानाजीची पोरगी त्याच शाळेत दुसरीला आहे. त्यानं चावी नानासोंच्या पायाशी आडवी ठेवली.

"तुमीच सोडा," तो म्हणाला.