पुकारा

दसऱ्याच्या दिवशी दीक्षाभूमीवरच्या गर्दीत बळीरामची बायको हरवली. गडी “अवं, अवं” करत हिंडून राहिला. लगीन झाल्यापासून तो तिले अवंच म्हणे. पण इथं एका ‘अवं’ले पन्नास बाया मान वळवून पाहत.

शेवटी तो भोंगेवाल्यापाशी गेला.

“बाईचं नाव सांगा, दादाजी.”

“प्रेमिलाची माय.”

“तसं नाई जमत जी. तिचं सोताचं नाव सांगा.”

बळीरामले घाम फुटला. तीस वर्षांचा संसार, आन नाव काही तोंडात येईना. लय वेळानं राशन कार्डावरचं आठवलं: अंजनाबाई.

सहा खेप पुकारा झाला. कोणीच आलं नाई. उमरेडची शेवटची यष्टी सुटाची वेळ झाली, तसा बळीराम परत गर्दीत शिरला. हिंडता हिंडता तो दूरच्या एका भोंग्याच्या खांबापाशी गेला, तर खाली ही बसलेली, गठुडं मांडीवर घेऊन, एकटीच.

“अवं, कान फुटले काय तुहे? सहा खेप नाव पुकारलं!”



“आयकलं ना जी. म्या म्हटलं, कोणाची बिचारी अंजनाबाई हाय, कधीची सापडूनच नाई राहिली.”