हवेतली कात्री

बाबांच्या सलूनमधलं दर रविवारचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे त्यांची सात वर्षांची लेक. केमोने डोक्यावर एकही केस ठेवला नव्हता, पण बाईसाहेबांचा रुबाब कायम.

"मागून बारीक करा, पुढची झुलपं राहू द्या!"

बाबा तिच्या अंगावर कापड टाकत आणि आरशातलं तिचं हसू बघत डोक्यालगत हवेतच कात्री चालवत. उपचार संपले, तरी हा खेळ चालूच राहिला.

आज मात्र ती खुर्चीत वळवळली. "बाबा, मानेवर काहीतरी टोचतंय!"

बाबांनी तिच्या मानेवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि ते ओरडले, "अगं, हे बघ! केस कापले गेले!"

बाकावरची आई धावत आली आणि तिने आधी कात्रीच हिसकावली.

"आजपासून या गिऱ्हाइकाला सलून बंद!"