एक सही कमी

शेरीफच्या पोलिसांचा पगार वाढवा, असा मतदारांचा अर्ज काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, निवडणूक कचेरीत व्हर्नाच्या टेबलावर तपासायला आला होता. फुटबॉलच्या मैदानाबाहेर, चर्चच्या जेवणात, लोकांना गाठून गाठून घेतलेल्या सह्या. पुरेशा भरल्या असत्या, तर पगारवाढ थेट मतदानाला गेली असती. व्हर्नाने एकेक नाव मतदारयादीशी तीनदा ताडून पाहिलं. तिची स्वतःची सहीसुद्धा त्यात होती. तरी एक कमीच पडली.

त्याच पोलिसांपैकी एक, डेप्युटी टॅनर इबारा, निकाल विचारायला आला.

"गेलं रे टॅनर. एका सहीसाठी," त्याच्याकडे न बघताच ती म्हणाली. "आता वर्षभर पुन्हा अर्जही करता येणार नाही."

"एका सहीसाठी? अहो मिस व्हर्ना, कुणाची तरी चुकून खोडली असेल."

तिने कागद पुढे सरकवला. लाल रेघेखाली त्याचंच नाव होतं.

"माझी खोडलीत? सात वर्षं या काउंटीत गस्त घालतोय मी!"

"गस्त इथे घालतोस, पण राहतोस नदीपलीकडे, दुसऱ्या काउंटीत. सही इथल्याच मतदाराची लागते. नियम काही मी केलेला नाही, बाबा."

टॅनरने टोपी उचलली.

"नियम तुमचा नाही, मिस व्हर्ना," तो शांतपणे म्हणाला. "पण मार्चपर्यंत मी तुमच्याच मागच्या खोलीत राहत होतो. भाडं तर तुम्हीच वाढवलंत ना?"