कुलपाचा फोटो

निकितानं सायकल रस्त्यात आडवी टाकली आणि तिच्यापुढं स्वतः उभी राहिली. मिरजगावकडून येणारा पाण्याचा टँकर हॉर्न देत, धूळ उडवत आला आणि तिच्यापासून चार हातांवर कचकन थांबला. थांबला! एवढी मोठी गाडी! नववीतली निकिता जागची हलली नाही.

"ए पोरी, मरायचंय का?" ड्रायव्हर रामहरी खिडकीतून ओरडला.

"मरायचं न्हाई मामा, पाणी प्यायचंय!"

मागं बाभळीखाली खडकवस्तीच्या बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. विहिरीत नुसता गाळ उरला होता. आणि तीन दिवस हाच टँकर त्यांच्यासमोरून भरलेला पुढच्या वस्तीला जात होता.

टँकरवर एका परदेशी संस्थेचा निळा स्टिकर होता. डिझेल परवडेना म्हणून बंद पडलेले टँकर या संस्थेच्या मदतीवर पुन्हा धावू लागले होते. डिझेल मोजून मिळायचं, तेही यादीतल्या वस्त्यांपुरतंच.

यादी दिपालीच्या टॅबमध्ये होती. ती संस्थेची बाई, रोज गाडीबरोबर फिरायची. ती खाली उतरली.

"खडकवस्ती यादीत नाही गं. हे बघ."

टॅबवर मागच्या पाहणीतले सतरा फोटो. सतरा बंद दारं. प्रत्येकाखाली तोच शेरा : इथे कोणी राहत नाही.

"अय्या, हे तर आमचंच घर!" निकिता ओरडली. "कुलूप हाय, कारण आमी ऊसतोडीला गेल्तो. अख्खी वस्तीच गेल्ती! आता आलोय की. मोजा आमाला."

"मला नावं घालता येत नाहीत. पुढच्या पाहणीत घेतील."

"कधी हाय ती?"

"डिसेंबरात."

"ताई, डिसेंबरात आमी परत उसातच असनार. पुन्हा कुलपांचेच फोटो काढनार का?"

दिपालीनं टॅब खाली केला.

तेवढ्यात सत्तरीची बनुबाई पुढं आली आणि चाकासमोर फतकल मारून बसली. "घाल रे अंगावर. तेवढ्यापुरतं तरी डिझेल आसंल ना?"

रामहरीनं इंजिन बंद केलं. मग दिपालीकडं न बघता तो म्हणाला, "मॅडम, पुढं चढ हाय. एवढं वजन घेऊन गाडी डिझेल लई खाती. जरा हलकी करावी म्हनतो."

"आणि पुढच्या वस्तीला?"

"अर्ध्यात भागवतील. त्यांच्याच लेकी दिल्यात हितं."

दिपाली हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. गुपचूप केबिनमध्ये जाऊन बसली. निकितानं केव्हाच पाइप ओढला होता.

थोड्या वेळानं दिपालीचा फोन वाजला. नगरच्या ऑफिसातून साहेब बोलत होते.

"गाडी वीस मिनिटं एकाच जागी दिसतेय. कुठं थांबलात? नकाशावर तिथं वस्तीच नाही."

दिपालीनं फोन खिडकीबाहेर धरला.

बाहेर बनुबाई गरजत होती, "ए भवाने, रांग सोडू नगं! पयला हंडा माझा!"