पप्पांचं जांभळं प्रवाळ

“ही पप्पांच्या प्रवाळाची नाहीच!” डेटलेफने दारातच निकाल देऊन टाकला.

समोर थोरला भाऊ फोल्कर उभा होता. कित्येक वर्षांनी. हातात पाण्याची बरणी, बरणीत बोटाएवढी जांभळी कांडी.

“अरे, शपथेवर सांगतो. पप्पांनी समोरच्या बाईंना तोडून दिली होती. त्यांच्या टाकीत मस्त फोफावलीय. त्यातलीच तुला आणली.”

“बाजारातून उचलली असशील. चोर तो चोरच!”

डेटलेफचा राग काही उगाच नव्हता. पप्पा गेले आणि त्यांची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी फोल्करने जशीच्या तशी उचलून नेली. धाकट्याला एक कांडीसुद्धा दिली नाही. पुढच्याच हिवाळ्यात हीटर बिघडला, पाणी तापलं आणि पप्पांनी उभा जन्म जपलेलं प्रवाळ पांढरंफटक पडून मेलं. तेव्हापासून ब्रेमेनमध्ये दोन गल्ल्यांवर राहून भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

डेटलेफची बायको हायके मध्ये पडली. तिने बरणी आत घेतली. “तुम्ही कशाला भांडता? प्रवाळालाच विचारा की.”

हे मात्र डेटलेफला पटलं. प्रवाळ दिसायला दगड, पण जिवंत, आणि स्वभावाने भारी खाष्ट. परकं कुणी अंगाला लागलं की डंख मारमारून त्याची कातडी सोलतं. एकाच प्रवाळाच्या कांड्या असतील तर मात्र गुण्यागोविंदाने एकजीव होतात. फोल्करची पाठ वळली तशी डेटलेफने ती कांडी आपल्या टाकीतल्या पप्पांच्या प्रवाळाला अगदी खेटून चिकटवली. “आता होऊ दे दूध का दूध, पानी का पानी!”

रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी तो काचेला नाक लावून बसे. भांडणाची पांढरी रेघ उमटली का? छे! आणि एका रविवारी बघतो तर कुठली कांडी कुठे संपते तेच कळेना. पप्पांचीच होती! आणि आपण सख्ख्या भावाला चोर म्हणत बसलो.

त्याने फोन लावला. “फोल्कर, चुकलो रे मी. ये. हायकेने सफरचंदाचा केक केलाय.”

फोल्कर घरातल्या सपातांवरच धावत आला. दारातच गळामिठी झाली, दोघांचे डोळे वाहिले. डेटलेफने त्याला हाताला धरून टाकीपाशी नेलं. “ही तुझी, ही माझी. बघ, भांडल्या नाहीत. एकाच प्रवाळाच्या!”

“मी म्हणत नव्हतो? पप्पांचीच!” फोल्कर टाळ्या पिटत नाचायलाच लागला. मग एकदम थबकला. टाकीकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि हसू दाबत म्हणाला,

“माझी बाईंकडची. पण तुझ्याकडे पप्पांची आली कुठून रे, चोरा?”