तारबाबांचा पीळ

क्रेनवाल्याने साखळी ताणली आणि उलटलेला ट्रॅक्टर करकरत कुशीवर आला. पुढचे दोन्ही टायर कोरे करकरीत होते. रबराची बारीक लवसुद्धा अजून झडली नव्हती.

"एवढासा ट्रॅक्टर, आणि पुढे हे धिप्पाड टायर?" क्रेनवाला म्हणाला.

"लहान होते ते रुतायचे. पुढचं लोडरचं बकेट भरलं की नाक मातीत खुपसून बसायचा. म्हणून आज सकाळीच बदलले," तारबाबा म्हणाले.

रोपांची ही नर्सरी त्यांची होती, पण त्यांना मालक कुणी म्हणत नसे. खिशात कायम तारेचं भेंडोळं आणि पक्कड. फाटक असो, खुर्ची असो, चष्म्याची काडी असो, तारबाबांनी तार गुंडाळली की विषय संपला. तीन पीळ द्यायचे आणि टोक आत दुमडायचं, कुणाच्या हाताला लागायला नको म्हणून. पक्कडीशिवाय तो पीळ सुटत नसे. "बाबांनी बांधलेलं सोडवायला बाबांनाच बोलवावं लागतं," असं म्हणून मुलगा सगळ्यांसमोर त्यांची फिरकी घ्यायचा.

तो मुलगा त्याच दुपारी अपघातात गेला. वरून बकेटभर खडी घेऊन उतरत असताना ट्रॅक्टर त्याच्या हाताबाहेर गेला. उताराच्या तळाशी रोपांची शेड होती. तिथे त्याची बायको इतर बायकांबरोबर कुंड्या भरत बसली होती. ट्रॅक्टर शेडच्या अलीकडे वळला, बांधावर चढला आणि उलटला.

तेव्हापासून जो येईल त्याला तारबाबा एकच सांगत होते. "हजारदा बजावलं, उतारावर जपून. ऐकेल तर शपथ! ब्रेक होते ना? ब्रेक लागेनात तर बकेट खाली टाकायचं, जमिनीत घुसून जागच्या जागी थांबला असता. शेंबड्या पोराला कळतं हे. काय करत होते त्याचे हात?"

लोक माना हलवत होते. मुलगा गेला हे तारबाबांना पेलवत नव्हतं. राग त्यापेक्षा हलका होता, म्हणून त्यांनी तो उचलला होता. तो खाली ठेवायची त्यांना भीती वाटत होती.

सून शेडच्या दारात बसून होती. हातांवरची माती तशीच वाळली होती. ती पहिल्यांदाच बोलली.

"ते जपूनच चालवायचे, बाबा."

"मग उडी तरी मारायची होती!"

"उडी मारली असती तर ट्रॅक्टर आमच्या अंगावर आला असता. उजव्या हाताने स्टिअरिंग वळवत होते. मी बघितलं ना. पण डावीकडे सारखे खाली वाकत होते." तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. "त्यांच्या डाव्या हाताची नखं कशी हो उखडली, बाबा?"

"पडताना माती ओरबाडली असेल," तारबाबा म्हणाले आणि क्रेनकडे वळले. सुनेकडे बघवत नव्हतं.

ट्रॅक्टर धाडकन चार चाकांवर आला. क्रेनवाला साखळी सोडवत पुटपुटला, "उतरताना फोर-व्हील का टाकलं नाही त्यानं?"

"ते कशाला? चिखल कुठे होता?"

"चिखलाचं नाही हो, काका. याला ब्रेक फक्त मागच्या चाकांना. बकेट भरलं की सगळा भार पुढे, मागची चाकं हलकी होतात. ब्रेक दाबला तरी नुसती घसरत जातात. फोर-व्हीलचा लिव्हर टाकला की पुढची चाकं मागच्यांना जोडली जातात, तीसुद्धा धरतात. भरलेल्या बकेटाला उतारावर तोच ब्रेक."

तारबाबांना आठवलं. मुलगा उतारावर प्रत्येक वेळी तो लिव्हर टाकायचा. चिखल नाही, काही नाही, आणि हा उगाच गियर झिजवतो, म्हणून त्यांनी किती वेळा त्याला फैलावर घेतलं होतं. तो नुसता हसायचा.

आणि सकाळी टायरवाला जाताना म्हणाला होता, "पुढचे टायर मापापेक्षा मोठे झालेत. आता मागच्या चाकांशी मेळ बसणार नाही. चुकूनही फोर-व्हील टाकू नका, गियरचा चुरा होईल." पोराचा हात सवयीने तिकडे जाणारच, हे तारबाबांना ठाऊक होतं. पोरगा तेव्हा रोपं पोचवायला गेला होता. तारबाबांनी खिशातली तार काढून लिव्हर पक्का जखडला. जेवताना सांगू त्याला, असं मनाशी म्हटलं आणि स्वतःवरच खूश झाले. पोरगा परत आला तो न जेवताच खडी भरायला गेला.

 आता तारबाबा ट्रॅक्टरपाशी गेले. सून उठून त्यांच्यामागे आली.

"काय झालं, बाबा?"

 तारबाबा सीटच्या डाव्या अंगाला खाली वाकले. लिव्हरला तार होती. रक्ताने काळपट झाली होती. आत दुमडलेलं टोक उकरून बाहेर काढलेलं होतं.

एक पीळ सुटला होता. दोन राहिले होते.