शून्याच्या रेघेवर

काकांचा ठिपका रेघेपासून सगळ्यात लांब पडला होता.

"काढ त्याला," आप्पा म्हणाले.

सुनेने संगणकावर काकांच्या नावापुढची खूण काढली. काका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. त्यांनी निमूटपणे पांढरा कोट उतरवला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. ज्याचा ठिपका गेला त्याने कोट काढायचा, असं आप्पांनी सकाळीच ठरवून टाकलं होतं.

प्रयोगशाळा घरचीच. पाण्यात कुठला क्षार किती आहे ते तपासून द्यायचं काम. त्याआधी यंत्राची परीक्षा घ्यावी लागे. ठाऊक तीव्रतेची द्रावणं यंत्रात घालायची, आलेल्या आकड्यांतून संगणकाने एक सरळ रेघ ओढायची, मग कुठलं द्रावण त्या रेघेला किती चुकलं याचा वेगळा आलेख काढायचा. या चुकांच्या आलेखात मधली आडवी रेघ शून्याची. तिला जो चिकटून तो शहाणा. आज संध्याकाळी रुग्णालयाचा माणूस हा आलेख बघायला येणार होता. त्याला निदान पाच ठिपके हवे होते, आणि सगळे रेघेला धरून. पसंत पडला तर वर्षभराचं काम. नाही पडला तर आप्पा संगणक विकणार होते, आणि जिच्या हट्टापायी तो घेतला त्या सुनेची रवानगी स्वयंपाकघरात करणार होते. हे त्यांनी दुपारी जेवताना, तिच्याच हातची भाजी दुसऱ्यांदा वाढून घेत, सांगून टाकलं होतं.

द्रावणं सहा होती आणि ती मानाप्रमाणे वाटली होती. सगळ्यात तीव्र आप्पांचं, काकांच्या चौपट. घरच्या कर्त्या माणसाला पातळ काम शोभत नाही. मग उतरत्या क्रमाने काका, जावई, मुलगा, सासूबाई. सुनेच्या वाट्याला आलं ते जवळजवळ पाणीच.

काका गेल्यावर रेघ नव्याने ओढली गेली. आता जावई सगळ्यात लांब निघाले.

खोलीत कोणी कोणाकडे बघेना. जावयाची चूक काढायची या घरात पद्धत नव्हती. शिवाय काका उठून गेले तेव्हा मिशीत हसणारे हेच होते.

"मशीनचंच काहीतरी बिघडलं असेल," सासूबाई म्हणाल्या.

"मशीनला नाती कळत नाहीत," आप्पा म्हणाले. "जावईबापू, तुम्ही कोट राहू द्या अंगात. पण बसा बाहेर."

त्यानंतर मुलगा. नवऱ्याचा ठिपका काढताना सुनेने मान वर केली नाही. ते रात्री निस्तरायचंच होतं. मग पाळी सासूबाईंची.

"अहो, मी ओतताना श्वाससुद्धा रोखून धरला होता."

"म्हणूनच हात थरथरला."

एकेक जण उठत गेला तसा आप्पांचा ठिपका शून्याच्या आणखी आणखी जवळ सरकत गेला. आप्पांची मानही तितकीच ताठ होत गेली. शेवटी दोघेच उरले, आप्पा आणि सून. दोन्ही ठिपके थेट शून्यावर. केसाएवढासुद्धा फरक नाही.

आप्पा खुर्चीत मागे रेलले. "बघून घ्या सगळ्यांनी. या घरात हाताला स्वच्छ माणसं दोनच. मी आणि ही." त्यांनी कनवटीची किल्ली काढून सुनेच्या हातावर ठेवली. "आजपासून रसायनांचं कपाट हिच्या ताब्यात."

या घरात आल्यापासून आप्पांच्या तोंडून तिने स्वतःबद्दल ऐकलेला हा पहिला चांगला शब्द. तो आणखी थोडा वेळ ऐकत राहावासा वाटला. पण दोनच ठिपके उरले की रेघ दोघांतूनही जाते, मग ते दोघे कोणीही असोत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणखीही एक तिला केव्हापासून दिसत होतं. आलेखावर पाच जण इकडे दाटीवाटीने एका ओळीत बसलेले, आप्पा एकटे तिकडे टोकाला, ओळीच्या वर. आप्पांना गाठायचं म्हणून रेघ त्यांच्याकडे उचलली जाई, आणि ती तिरकी झाली की इकडचा कोणीतरी चुकलेला दिसे.

"आप्पा, निदान पाच ठिपके लागतात," ती म्हणाली. "एकालाच काढता येईल."

"मग काढ की. कोणाला काढलं म्हणजे जमेल?"

सुनेने किल्ली टेबलावर ठेवली.

"तुम्हाला."

बाकावर जावयांना खोकला लागला. काका एकाएकी छताकडे बघू लागले. सासूबाई तेवढ्या उठून दारात आल्या. "काढ गं. काय व्हायचं ते मी बघते."

आप्पांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "काढू दे तिला. माझ्यावाचून काय होतं ते कळू दे एकदाचं."

सुनेने पाचही नावांपुढे खूण केली आणि आप्पांची खूण काढली. रेघ खाली आली. पाचही ठिपके गुमान शून्यावर येऊन बसले.

कोणी काही बोलायच्या आत रुग्णालयाचा माणूस आत आला. चष्मा कपाळावर चढवून त्याने पडद्याला नाक लावलं. बराच वेळ बघितलं.

"पाच वेगवेगळे हात, आणि इतके एका रेघेत," तो म्हणाला. "कुठेच बघितलं नाही असं. कसं काय जमवलंत?"

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी टेबलावरची किल्ली बोटाने सुनेकडे सरकवली, कोटाची कॉलर नीट केली आणि मोठ्या नम्रतेने म्हणाले,

"विशेष काही नाही. मी फक्त बाजूला झालो."